माठ उंचावर ठेवा

६ मे २०२०, बुधवार

शाळा बंद, घरभेटी बंद, आता सगळं फोनवर! "मार्गदर्शन खंडित होऊ देऊ नये," असं वरून आलंय. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. बरं, त्याला शेळ्या निदान दिसत तरी असतात! मी गंगाखेडात कूलरसमोर बसलेली आणि माझी मुलं गावोगावच्या पत्र्याखाली. कुणी बोलत नाही, कुणाचे हात वळत नाहीत, कुणी दिवसभर नुसतं गोल फिरतं. विशेष शिक्षिका म्हणे! मुलाचा हात हातात घेतल्याशिवाय आमच्या शिकवण्याला काही अर्थ आहे का?

राणीसावरगावच्या रेणुकाला दर बुधवारी फोन असतो, तसा आजही केला. पहिल्याच रिंगला उचलते. तिची निकिता सात वर्षांची, स्वमग्न. शब्द नाही. काही हवं असलं की आईचा हात धरून ओढते. नवरा भागवत पुण्याहून पायी आला, त्याला गावानं शाळेत वेगळं ठेवलंय. सासू सुलाबाई शेतातल्या खोपीत, आखाड्यावर, राहायला गेलीय. घरात या दोघीच. रेणुका बोलत राहिली. भाजीला काय केलं, निकिता किती वेळ झोपली, सगळं. मी हं हं करत पुढचा नंबर शोधत होते.

९ मे

रेणुकाला आज नवा धडा दिला. निकितानं खूण करून पाणी मागायला शिकायचं, अंगठा तोंडाला लावून. मार्चपर्यंत मी हे शाळेत करून घेत होते, जवळजवळ जमलं होतं.

"पन मॅडम, तिला तहान लागली की ती सोताच माठातून घिती."

"मग मागेल कशाला? हात पोचणार नाही तिथं माठ ठेवा."

नंतर सविस्तर व्हॉइस मेसेजही पाठवला. "खूण केल्याशिवाय द्यायचं नाही. रडेल, आदळआपट करेल. विरघळू नका. मग शांत होईल. शांत झाली की समजा, शिकायला लागली." तेवढ्यात दूध उतू गेलं, धावले. पण मेसेज छान झाला. माझ्या नवऱ्याला, परमेश्वरला, ऐकवला, तो म्हणाला, "रेडिओवर जा तू."

११ मे

काय हे ऊन! कूलरचं पाणी दुपारी दोनदा भरलं.

१२ मे



दुपारी भागवतचा फोन. आधी कळेचना काय म्हणतोय. निकिता निपचित पडली होती. अंगात फणफणता ताप, ओठ फाटलेले, डोळे वर. शेजारणीनं बोंब मारली तेव्हा हा शाळेतून तसाच पळाला आणि तिला उचलून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले, पोटात पाण्याचा थेंब नाही. अजून उशीर झाला असता तर...

"मॅडम, माठ फळीवर ठिवला हिनं! लेकराला दिसंल पन मिळणार न्हाई असा! काल सकाळपासून पानी न्हाई दिलं. इचारलं तर म्हणती, माजं ध्यान नव्हतं."

माझं ध्यान नव्हतं! रेणुका असं म्हणाली. माझं नाव तिनं घेतलंच नाही.

मी सांगणार होते. खरंच तोंड उघडलं होतं. पण तो म्हणाला, "तुमचं ऐकती ती. तुमीच चार शब्द सुनवा तिला," आणि फोन स्पीकरवर टाकला. मागे लोक असावेत, कुजबुज येत होती.

आणि मी काय बोलले? "रेणुका, एवढ्या उन्हात पाणी द्यायला नको का? लेकराला तर सांगताही येत नाही."

तिकडून ती म्हणाली, "हो मॅडम. चुकलं माजं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवला.

खरा नियम काय आहे? आवडीचा खाऊ घ्यायचा, पाणी कधीच नाही. पाच मोजेपर्यंत थांबायचं आणि मूल मागो न मागो, द्यायचं. दहा वर्षं मी हेच करतेय! शाळेत माझा हातच ते करतो, म्हणून तोंडानं सांगायचं सुचलंच नाही. पाण्याचं उदाहरण घेतलं ते केवळ शाळेत तेच करायचो म्हणून. तिथं घोट मिळायला क्षणभर लागायचा.

आणि ती शांत झाली तेव्हा रेणुकाला आनंद झाला असेल. मीच तसं सांगितलं होतं ना!

१३ मे, बुधवार

निकिता शुद्धीवर आहे, दूध प्यायली. हे भागवतकडून कळलं. रेणुकाला फोन करायचा वार, पण हिंमत झाली नाही.

तो व्हॉइस मेसेज पुसायला गेले. आता फक्त माझ्या फोनमधून पुसता येतो, तिच्या फोनमध्ये राहणार. तरी पुसला. इतकी मी खालच्या दर्जाची आहे हे मला माहीत नव्हतं.

मग पालकांच्या ग्रुपवर एक सूचना टाकली. "उन्हाळा तीव्र असल्याने मुलांना दिवसभर भरपूर पाणी पाजावे." वर माठाचं चित्र! कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. रेणुकानंही लिहिलं — ओके मॅडम.

परमेश्वरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं नाव आलंय का कुठं? मग? पोरगी वाचली ना? गप बस." मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर त्याचाच राग आला. बिचाऱ्याला विनाकारण मीठ कमी असलेली आमटी वाढली.

१४ मे

काही नाही. झोप नाही.

१८ मे

ऑनलाइन बैठक. साहेब माझं नाव घेऊन म्हणाले, कारणं सांगणाऱ्यांनी मंजुषाताईंकडून शिकावं, त्या पालकांच्या घरातल्या झाल्यात. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मी कॅमेरा बंद केला. कुणी विचारलं तर मी म्हणाले, रेंज नाही.

२२ मे

भागवतनं फोन केला, सल्ला घ्यायला. माझा सल्ला!

गावात बोभाटा झालाय. रेणुकाला पोरगी नकोशी होती, येडी म्हणून पाणी तोडून मारणार होती, असं बायका उघड बोलतात. हापशावर गेली की बाकीच्या कळशा उचलून बाजूला होतात. "आईच म्हणती, कसाईन हाय ही. सोनपेठला तिच्या माहेरी सोडावं म्हणतोय, मॅडम. पोरगी आईजवळ ऱ्हाईल."

आईजवळ म्हणजे सुलाबाईजवळ. सुलाबाई वाईट नाही, पण म्हातारीला पळणाऱ्या पोरीमागं पळवत नाही. गेल्या सुगीत तिनं निकिताला खाटेला बांधून ठेवलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते सोडवायला रेणुकाच शेतातून धावत आली होती. निकिता तिच्याशिवाय कुणाच्या हातून जेवतही नाही.

"दोन दिवस थांबा," एवढंच म्हणाले.

२४ मे

जाऊन आले.

ओळखपत्र गळ्यात घालून स्कूटी काढली. परमेश्वर म्हणाला, वेड लागलंय का? उत्तर दिलं नाही. गावाच्या तोंडाशी बाभळीचे फाटे टाकून रस्ता बंद. राखण करणाऱ्यांनी आत सोडलं नाही. म्हणून भागवतला फोन करून तिथंच बोलावलं. तो आला, सुलाबाई आली. मागून रेणुका, निकिताचं मनगट धरून. किती वाळलीय पोरगी! आणि फाट्यांपलीकडे अर्धी आळी जमली. इकडे मी एकटी.

मास्कच्या आडून बोलायची सोय होती. पण मग लाज कशाची वाटणार? काढला. एक जण ओरडला, "मास्क लावा, मॅडम!" लावला परत. फजितीलाही धड जागा मिळाली नाही.

मी बोलायला लागले तशी रेणुका मान हलवायला लागली. नको, नको. मला वाटलं, माझी इज्जत सांभाळतेय. म्हणून मी आणखी जोरात बोलले. माठ वर ठेवायला मी सांगितलं. खूण केल्याशिवाय देऊ नका, हे मी सांगितलं. गप झाली म्हणजे शिकली, हेही मीच. तिनं माझं शब्दाशब्दानं ऐकलं, बस्स.

भागवत रस्त्यावरच्या मातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमी तिला कसाईन म्हनलो, मॅडम."

सुलाबाई पदरानं तोंड पुसत पुढे आली. "मंग त्या दिशी फोनवर तिलाच कशाला बोलल्या?"

तिथंच उन्हात उभी राहिले. निकिता आईचा हात ओढत होती, घरी चल म्हणून. त्या दोघी गेल्या. मग मी स्कूटी वळवली.

घरी आल्यावर मात्र पोटभर जेवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हलकं हलकं वाटलं. परमेश्वर म्हणाला, बरं केलंस. मलाही तसंच वाटतंय.

२७ मे, बुधवार

अनोळखी नंबरवरून फोन आला. रेणुका होती. हळू बोलत होती.

"शेजारणीच्या फोनवरून करायलेय, मॅडम. माहेरी सोडत न्हाईत आता, सासूबाईंनी माझ्यापुढं हात जोडले. पन ह्यांनी तुमचा नंबर काढून टाकलाय. शाळेतल्या बाईचं नाव बी काढायचं न्हाई म्हणलेत."

मी म्हटलं, राग येणारच त्यांना.

"तुमचं चुकलं ते मला त्याच दिशी कळलं होतं. तरी न्हाई बोलले. निकिता कशी हाय, असं इचारणारा तेवढा एकच फोन येत होता मला आठवड्यात. तुमी कशाला सांगितलं, मॅडम?"