साहेबांचं मौनपर्व

६ जून, शनिवार

साहेबांचा नवा सिनेमा — पहिलाच खेळ! प्रेक्षक अकरा, नवरा धरून. तो मध्यंतराआधीच घोरायला लागला, म्हणजे खरं तर दहाच. एका बंद दाराचं दृश्य — सलग चार मिनिटं! कुणी बोलत नाही. मागे नुसती बारीक घरघर. मी रडले. पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" साहेबांच्या भक्तांच्या नशिबी हेच!

बाहेर आल्यावर नवऱ्याचं परीक्षण: "दार छान होतं."

८ जून, सोमवार

माझं परीक्षण लिहून झालं. 'मौनपर्वाचा कळस.' मौनपर्व हा शब्द माझाच! नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी पात्रांची तोंडं बंद केली, तेव्हापासून साप्ताहिकात मीच तो रुजवलाय. त्या घरघरीवर अख्खा परिच्छेद — 'जगाच्या थकलेल्या श्वासाचा आवाज.' संपादक फोनवर: "बाई, तिकीट काढावं की नाही, एवढं एक वाक्य घाला की!" अरसिक. घातलं नाही.

१५ जून, सोमवार

परीक्षणांवर पोट भरत नाही, म्हणून तर दिवसभर लोकांचे कान तपासायचे. आज दवाखान्यात तिसऱ्या नंबरला कोण यावं — साहेब! प्रत्यक्ष! सोबत त्यांची मुलगी. ओळख दाखवली नाही. पेशंट तो पेशंट.

काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. "बारीक आवाज आला की दाबा." दाबत होते भराभर. दहापैकी दहा! मग लक्षात आलं — आवाज सोडताना माझा खांदा हलतो, तो बघून दाबतायत. उभा जन्म कॅमेऱ्यामागे गेलेला माणूस, नजर असणारच. पाठ फिरवून बसले. मग बटण काही दाबलं जाईना.

आलेख म्हणजे कड्यावरून सुटलेला दगड. मुलीला विचारलं, "कधीपासून?" तिचा आवाज पार बसलेला. म्हणाली, "नऊ वर्षं झाली. घरात आम्ही ओरडूनच बोलतो."

नऊ.

१६ जून, मंगळवार

पुन्हा मोजली. नऊच भरतात.

२४ जून, बुधवार

साहेबांना मशीन बसवलं, दोन्ही कानांना. मुलगी सवयीनं ओरडली, "बाबा, येतंय का ऐकू?" ते दचकलेच. "ओरडतेस कशाला?" मग ती हळू म्हणाली, "बाबा." नुसतं तेवढंच. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मी खणात उगाचच काहीतरी शोधत बसले.

त्यानंतर मोकळे झाले. "सेटवर नटांचं बोलणं कळेना. कोण चुकतंय, कोण बरोबर — पत्ता नाही. सांगायची लाज. मग संवादच काढून टाकले! वाटलं, आता पकडले जाणार. तर कुठल्याशा साप्ताहिकात एका बाईनं त्याला मौनपर्व म्हटलं. म्हटलं, चला, निभावलं."

एक बाई त्या वेळी त्यांच्या कानामागची वायर नीट करत होती. तिनं तोंड उघडलं नाही. मौनपर्वच ते.

१ जुलै, बुधवार

साहेब तपासणीला आले, चेहरा उतरलेला. मशीन लावून स्वतःचा नवा सिनेमा पाहिला म्हणे. "त्या दाराच्या दृश्यात जनरेटर वाजतोय हो! चारही मिनिटं! आणि एकानंही मला सांगितलं नाही."

जगाचा थकलेला श्वास. डिझेलवर चालणारा.

राहवलं नाही. सांगून टाकलं — ती बाई मीच. त्यांनी परीक्षण वाचून दाखवायला लावलं. वाचलं, त्या परिच्छेदासकट, मान खाली घालून. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. म्हणाले, "तुम्ही लिहिलाय तो सिनेमा मला बघायला आवडला असता."

चिडले असते तर परवडलं असतं!

१२ जुलै, रविवार

संपादकांचा फोन. साहेबांच्या सत्तरीनिमित्त खास अंक, मुख्य लेख 'मौनपर्वाचं रहस्य'. "तुमच्याशिवाय कोण लिहिणार, बाई?" खरंच, कोण! रहस्य दवाखान्याच्या कपाटात, फाइलमध्ये आहे. ते छापायचं नाही. आणि पूर्वीसारखं लिहायला हात उचलत नाही. ताप आलाय म्हणून सांगितलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावून बघितला — "कुठंय ताप?" याला नेमकं नको तेव्हाच दिसतं.

२० जुलै, सोमवार

साहेब एकटेच आत आले. मशीनची डबी टेबलावर ठेवली. "हे परत घ्या. शूटिंग सुरू झालंय. ऐकू यायला लागल्यापासून मला दिसेनासं झालंय. कुणाला नाही तरी तुम्हाला कळेल."

कळलं. पटलंही! डबी खणात टाकली की पुढची दहा वर्षं मला रडायची सोय.

"मुलगी कुठंय?" मोठ्यानं विचारलं. दोनदा.

"बाहेर बसलीये. बोलत नाहीये माझ्याशी. की बोलतेय — कुणास ठाऊक."

मी डबी उघडली. आधी डावा कान, मग उजवा. दार उघडून मुलीला आत बोलावलं.

पुढचा सिनेमा वाईट होणार. होऊ दे.