कोंपाद्र होण्याची तयारी

३ मार्च
फिर्मिनोला पन्नाशीला टेकता टेकता मुलगा झाला! धर्मबाप कोण? अर्थात मी. लहानपणापासूनचा दोस्त, विषयच संपला. म्हणजे आता आम्ही एकमेकांचे कोंपाद्र. मुलाचा बाप आणि धर्मबाप एकमेकांना हेच म्हणतात, नि हे नातं सख्ख्या भावाहून घट्ट. मला मूलबाळ नाही. ईस्टरला धर्मपुत्राच्या हातात रिवाजाप्रमाणे अंडं घालून भाजलेला गोड पाव ठेवायची हौस आजवर मनातच राहिली.
संकल्प: बाप्तिस्म्याच्या जेवणात या शब्दावर छोटंसं भाषण. फार तर दहा मिनिटं.

८ मार्च
भाषण वीस पानांवर गेलं. काय शब्द आहे! मूळ लॅटिन, कोंपातेर, म्हणजे सह-बाप. स्पेनमध्ये गेला नि नुसता 'यार' झाला. फ्रान्समध्ये तर जादूगाराचा गर्दीत पेरलेला साथीदार! रुमानिया बाकी आहे.
संध्याकाळी फिर्मिनो आला. बगलेत घरच्या वाईनची बाटली, टोपी हातात. एक विचारायचं होतं, म्हणाला. म्हटलं, बस, आधी लॅटिन ऐक. बाटली संपली. भारावून गेला बिचारा.

१२ मार्च
पुन्हा फिर्मिनो, पुन्हा बाटली. इटली ऐकवली. मध्ये दोनदा म्हणाला, अमादेऊ, मी काय म्हणतो... गोडी लागलीय त्याला. तो गेल्यावर ओलिंदाताई (थोरली बहीण, जिभेला हाड नाही) म्हणाली, अरे मेल्या, त्याला बोलू तरी दे! हिला व्युत्पत्तीतलं काय कळतं?

१७ मार्च
नवा कोट शिवायला टाकला. गुत्त्यात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

२० मार्च
फिर्मिनो आला, या वेळी बाटलीशिवाय. दारातच उभा. रुमानियाला हात घातला तोच म्हणाला, येतो, उशीर झाला. एवढी विद्या एकदम झेपत नाही माणसाला.

२८ मार्च
ईस्टरला बाप्तिस्मा, अजून आमंत्रण नाही. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण!

३१ मार्च, ईस्टर
पाद्री म्हणाले, धर्मबाप पुढे या. मी एक पाऊल टाकलं. तेवढ्यात बाल्ताझार उठला. डुकरांचा व्यापारी, आठवड्याला चार शब्द बोलणारा! मी तसाच खाली वाकलो, बुटाची नाडी बांधली. बुटाला नाडी नव्हती.
अंगणात फिर्मिनोला गाठलं. म्हणाला, तीनदा आलो रे तुला विचारायला, तू तोंड उघडू दिलं नाहीस. शेवटी बाल्ताझारकडे गेलो. तो 'हो' म्हणाला नि गप्प बसला. फिर्मिनोचे डोळे भरले होते.
जेवायला थांबलो नाही. मुलासाठी घेतलेला गोड पाव तसाच घरी आणला. ताईने कापला. त्यातलं उकडलेलं अंडं मुलाचं असतं. ते तिने सोलून माझ्या ताटात ठेवलं. मग म्हणाली, सांग रे, तुझ्या त्या रुमानियात काय म्हणतात?
म्हटलं, काही नाही.