भोंग्याचा न्याय

मंगळवार, तारीख बहुतेक चौदा

प्रिय आत्या,

तुला ख्रिस्तात सलाम. मी मजेत आहे. जेवण वेळेवर, चर्चही चुकवत नाही. एकच रविवार चुकला, त्या दिवशी रस्ता चुकून सायकलच्या शर्यतीत पोचलो होतो, पण ते पुन्हा कधीतरी. अक्षर वाकडं दिसेल, त्याचं पुढे सांगतो.

आधी महत्त्वाचं. मागच्या पत्रात भोंग्याला अद्दल घडावी म्हणून प्रार्थना करायला सांगितली होती, ती अजून चालू असेल तर थांबव. ताबडतोब.

भोंगा आठवतो ना? माझ्याबरोबरचा रंगारी, आवाजावरून नाव पडलंय. हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या खोलीला आकाशी रंग द्यायचा होता. या पठ्ठ्याने शवागाराचा करडा फासला आणि मुकादमांना सांगितलं, “हा नवा आहे ना, डबा यानेच उचलला.” मुकादमांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि भिंती घासायला बसवलं. वर सांगून ठेवलेलं, हे काम संपलं की दोघांपैकी एकालाच कायमचा ठेवणार. आत्या, मी कुठेच टिकत नाही म्हणतेस ना? इथे मला पहिल्यांदाच टिकावंसं वाटत होतं.

तू लिहिलंस, “हात उचलू नकोस, न्याय प्रभूवर सोपव.” सोपवला. पण सोपवल्यावर काम कुठवर आलं ते बघावंसं वाटतंच की नाही? रोज सकाळी भोंग्याला न्याहाळायचो. ताप? नाही. दाढदुखी? तीही नाही. उलट गाल वर आलेले. एक मांजर त्याच्या डब्याजवळ घुटमळायचं, तेवढीच आशा. त्यानेही शेवटी माझीच पोळी पळवली.

काल भोंगा घडीच्या शिडीवर चढून छताला दुसरा हात मारत होता. गात होता. शिडीचे पाय फाकू नयेत म्हणून मधे दोरी बांधतात, तिची गाठ सुटत चाललेली मला खालून दिसली.

मला वाटलं, आले! प्रभू आले!

आणि आत्या, मी गप्प राहिलो. त्यांच्या वाटेत नको म्हणून थोडा बाजूलाही सरकलो.

तेवढ्यात भोंगा वरून म्हणाला, “बाजूला का झालास रे? रंग उडाला का अंगावर? डोळे सांभाळ बाबा.”

त्या ‘बाबा’ने घात केला. मी धावत जाऊन शिडीला मिठी मारली. शिडी गेलीच. भोंगा माझ्यावर, बादली आम्हा दोघांवर. त्याला खरचटलंही नाही. माझं उजवं मनगट मोडलं, म्हणून हे डाव्या हाताचं अक्षर. हॉस्पिटलमध्येच पडल्यामुळे प्लास्टर मात्र लगेच झालं.

मुकादम ओरडत आले. “दोरी सुटलेली कुणालाच दिसली नाही?”

भोंगा म्हणाला, “नाही.” मलाही तसं म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघालं, “मला दिसली होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“प्रभूची वाट बघत होतो.”

मुकादम म्हणाले, “उद्यापासून त्यांच्याकडेच काम माग.”

तर काम गेलं. मुद्दाम उशिरा सांगतोय, वर सांगितलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस. भोंग्याला कायम केलं. करड्या रंगाचं खापर अजून माझ्याच डोक्यावर आहे. तेही प्रभूवर सोपवलंय, या वेळी मागे वळून न बघता. बघायची भीतीच वाटते. भोंग्याने खोटं सांगितलं, पण मी तर माणूस पडायची वाट बघत उभा होतो. न्याय करायला प्रभू खरंच त्या खोलीत आले असते, तर आधी कुणाकडे वळले असते?

आत्ता भोंगा टर्पेंटाइनचा बोळा घेऊन माझ्या केसांतला रंग काढतोय. रंगाच्या डब्याबद्दल अवाक्षर नाही. नुसता गातोय. मी म्हटलं, “जरा हळू चोळ की रे.” तर म्हणतो, “हलू नकोस, डोळ्यात जाईल.”

ज्याचा न्याय प्रभूने अजून थांबवून ठेवलाय, असा
तुझा भाचा