थावरीबाईंचा उतारा

८ नोव्हेंबर

उज्जैनला पोचलो. ज्यांनी कामाला बोलावलं ते भय्यासाहेब स्वतः स्टेशनवर घ्यायला आले. फ्रीगंजात गाडी थांबवून त्यांनी आग्रहाने पोहे-जिलबी खाऊ घातली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घराण्याची मराठी ऐकायला मजा येते. त्यांच्या पत्नी शोभाकाकू म्हणाल्या, "पहिले चहा पिऊन घ्या, मग सामान लावून घ्या." माधव नगरातला बंगला नवाकोरा आहे, मागे झाडांसाठी काचघर, वर मला स्वतंत्र खोली. कामही मनासारखं. झाबुआकडच्या भिल्ल वैदू थावरीबाई इथेच राहतात, त्यांच्याकडून जंगलातली औषधं समजून घ्यायची. त्या हिंदीत बोलतच नाहीत म्हणे. मी शहाद्याचा, भिलोरी ऐकत वाढलो, वर वनस्पतिशास्त्र शिकलेला. म्हणून मला निवडलं.

१० नोव्हेंबर

थावरीबाई काचघरात बाजेवर बसून असतात, कमरेखाली गोधडी. बोलायला लागल्या की थांबत नाहीत. धावड्याचा डिंक बाळंतिणीला, कुड्याची साल पोट बिघडल्यावर. मुळी उपटण्याआधी झाडाला विचारायचं, आणि एक तरी रोप मागे ठेवायचं. माझी भिलोरी ऐकून खूप हसल्या. बाजारात शिकलास का, म्हणाल्या. कोपऱ्यातल्या जाड पानांच्या वेलीचं विचारलं तेव्हा मात्र आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "इथलं पाणीसुद्धा पिऊ नकोस. निघून जा." वय झालंय, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं.

१३ नोव्हेंबर

खोकला झालाय. शोभाकाकू सकाळ-संध्याकाळ काढा देतात, अगदी आईच्या मायेने. पाय जड वाटतात.

आज बाईंनी वेलीचं सांगितलं. त्यांच्या गावी हाड मोडलं की तिचा रस देतात. माणूस कमरेखाली निपचित होतो, हाड हलत नाही, नीट सांधतं. मग एका मुळीचा उतारा दिला की तो उठून चालायला लागतो. भय्यासाहेबांनी गावात हे पाहिलं आणि वेल उपटून आणली. उताऱ्याची मुळी मात्र त्यांना ठाऊक नाही. मी विचारलं, मग सांगत का नाही? बाईंनी गोधडी बाजूला सारली. पाय काटक्यांसारखे.

"माझंच औषध मला पाजलं त्याने. सुटण्यासाठी तरी सांगेन म्हणून. पण सांगितलं तर तो हवं त्याला बांधेल, हवं त्याला सोडेल."

वर येताना कठडा धरून चढलो. आणि तो काढा — त्याला त्या पानांचाच वास येतो.

१४ नोव्हेंबर

पळालो. फाटकाबाहेर पोचलो, रिक्षाही थांबली. पाय उचलला जाईना. रस्त्यावरच पडलो. माणसं जमली. मी ओरडून सगळं सांगत होतो. भय्यासाहेब आले, "हटा भाई, हवा येऊ द्या, पाहुण्यांना ताप चढलाय." लोकांनी हळहळत मला उचललं आणि आत आणून ठेवलं. एकाने माझी निसटलेली चप्पलही आणून दिली.

१६ नोव्हेंबर

माझी बाज थावरीबाईंच्या शेजारी लावलीय. फोन काढून घेतला. वही-पेन राहू दिलंय; मी मुळीचं लिहीन अशी त्यांना आशा असावी. खाणं नाकारलं. शोभाकाकू नाक दाबून पाजतात, आणि मग पदराने तोंड पुसतात.

बाईंना आता हातही हलवता येत नाहीत. दुपारी मला जवळ सरकायला सांगितलं. मुळीचं नाव सांगितलं, कुठे उगवते तेही. "माझ्याबरोबर ही विद्या मरू नये म्हणून सांगते," म्हणाल्या. यांना सांगायचं नाही. मी शब्द दिला.

१८ नोव्हेंबर

थावरीबाई गेल्या. सकाळी. डोळे दाराकडे.

भय्यासाहेब त्यांच्याच बाजेवर येऊन बसले. म्हणाले, "तुमची वही वाचली मी. आता फक्त तुम्हालाच माहीत आहे. बोलून टाका, रुचिर. उतारा घ्या आणि घरी चालले जा."

नाही म्हणालो. शब्द जेमतेम निघाला. जीभ जड —

२० नोव्हेंबर

आवाज गेला.

बाहेर कोणीतरी — ताई! मीनाताई आलीय. त्यांनीच बोलावलं तिला, भाऊ आजारी आहे सांगून.

शोभाकाकू म्हणताहेत, प्रवासाने थकली असशील, काढा पिऊन घे, मग भेट. ताई हसली. हो म्हणाली.

हाक मारतोय — फुटत नाही —

बाई, माफ करा. शब्द मोडतोय.

भय्यासाहेब, तिला देऊ नका. लिहितो. हे बघा, लिहितोय — मुळी ओढ्याकाठी — उंबराच्या सावलीला — नाव तिचं — बोटं वळेनात — नाव —