तेजलचं हॉल तिकीट

नाशिक, गुरुवार

सौ. लंका, खुशाल असशील.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर घरातले ऐकतात, म्हणून लिहितोय.

सोमवारी तेजलचा पेपर होता. हॉल तिकीट घरी राहिलं म्हणून तिचा फोन आला. "आलोच," म्हणालो, तिकीट खिशात घातलं, वाटेत मेथी घेतली आणि सरळ घरी परतलो. आठवलं तेव्हा रिक्षाने धावलो. पोरगी अर्धा तास गेटवर रडत उभी. रेल्वेत पस्तीस वर्षं माझा एक सिग्नल चुकला नव्हता गं.

संध्याकाळी आपल्या उज्वलाने विचारलं, तर नात म्हणाली, "मम्मी, मीच आबांना उशिरा फोन केला." उज्वला तिलाच रागावली. मी मुकाट्याने जेवत राहिलो.

आज उज्वलाला खरं सांगणार आहे. पत्र मिळालं की फोन करून विचार. सांगितलं नसेल, तर 'विसरलो' हे कारण ऐकून घेऊ नकोस.

तुझाच,
रंगनाथ