डाव्या बाजूचं माप

प्रिय आत्या,

उद्या सांगलीच्या डॉक्टरांना आकार कळवायचा आहे, म्हणून लिहितेय. गोल की थेंबासारखा? कॅन्सरनं उजवा स्तन नेला, तिथं आता सिलिकॉनचा बसवणार आहेत. असलं सुनेनं सासूला विचारायचं का? पण लग्न होऊन आले तशी तुम्हाला आत्याच म्हणत आले, सासूबाई कधी तोंडात आलंच नाही. ह्यांना विचारलं, तर "तुला बरं वाटंल ते कर" म्हणून उसाला पाणी द्यायला पळाले. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण या विषयापुढं हात टेकले!

पहिल्या ऑपरेशननंतर ब्लाउजच्या आत घालायला कापसाची गादी तुम्हीच शिवलीत. आणलीतही किती ऐटीत! आरशासमोर उभी राहिले, तर एक बाजू विशीतली अन् दुसरी चाळिशीतली. वहीतलं माझ्या लग्नातल्या ब्लाउजचं माप घेतलं होतंत! टाके दुखत असूनही मी पोट धरून हसले.

"आगं बया, दोन लेकरं झाली की तुला! ध्यानातच न्हाई आलं बग."

मग टेप आणून डाव्या बाजूचं माप घेतलंत. व्रण तेव्हाच पहिल्यांदा पाहिलात. नंतर सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला तुम्हाला. दुसरी गादी अगदी जोडीची झाली.

डॉक्टर म्हणतात, थेंबाचा आकार डावीशी जास्त जुळेल. पण तो आत फिरला तर वाकडा दिसतो, कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. गोल असला तर फिरला तरी कळत नाही, फक्त वरून जरा जास्त भरलेला दिसेल. तुम्ही थेंबच घ्यायला लावला असता. सुताचा फरक चालायचा नाही तुम्हाला!

एक राग मात्र आहे. गावभर "सुनंचं हार्नियाचं आपरेशन झालं" सांगत फिरलात. लाज वाटली का हो माझी? की मला लोकांच्या नजरेपासून वाचवत होतात? विचारायचं राहिलं, आणि श्रावणात तुम्ही गेलात.

मी गोल घेतेय, आत्या. जोड थोडी चुकेल, चुकू दे. मला पुन्हा पुन्हा टेबलावर जायचं नाही. मागच्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही माझे पाय चोळत होता. या वेळी तुमची नात बसणार आहे. तिला आजाराचं खरं नाव सांगेन, व्रण दाखवेन. गाठ हाताला लागल्यावर मी चार महिने लाजेनं गप्प बसले होते, हे तुम्हालाही कधी सांगितलं नाही. तिला सांगेन. शब्द देते.

तुमची,
सुनंदा