गुडघ्याचं निमित्त आणि फळीवरची पेटी

भोसले घाटामागची गल्ली, वाराणसी
रविवार

ती. मृणालिनीताईस,
धाकट्या इरावतीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत (निदान घरातली पेटी तसं म्हणते). तुझे गुडघे कसे आहेत? खरंच विचारतेय, कारण त्यांच्यावरूनच सगळं रामायण झालं.

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहितेय. नवरोबा नीलकंठने महिन्यापूर्वी एक काळी पेटी आणून पंचांगाच्या फळीवर ठेवली. तिला सर्व्हर म्हणतात. घरातल्या सगळ्यांची मेल, कॅलेंडर, फोटो, नातेवाइकांचे पत्ते, एकमेकांचे निरोप, सगळं ती एकटी सांभाळते. नीलकंठला त्याचंच कौतुक, मला त्याचाच संशय. पूर्वी पोस्टमनला आपलं पंचांग ठाऊक नसायचं आणि पंचांग कुणाची पत्रं वाचत नसे. (पेटीला हिरवा दिवा आहे. मी खोलीत आले की तो मिचकावतो. नीलकंठ म्हणतो, तू नसतानाही मिचकावतो. म्हणजे हा तिथे बसून बघतो.)

तर मागच्या सोमवारी मी तुला मेल केली. बारा तारखेला येते, पुस्तक पुरं करायला पंधरा दिवस एकांत हवाय, निमित्त तुझ्या गुडघ्याचं सांगेन, खरं घरी सांगू नकोस. मेलमध्ये तारीख दिसली की ती उचलून घरच्या कॅलेंडरात लिहायची, ही पेटीची हुशारी. जेवताना चारही फोन एकदम वाजले. "इरावती नागपूरला. निमित्त गुडघ्याचं. घरी सांगू नये."

नीलकंठने आमटी वाढून घेतली. लेक, मालविका, एवढंच म्हणाली, "आई, रिमाइंडर दो बार आया है." सासूबाईंनी ताक संपवलं आणि शांतपणे विचारलं, "गुडघा कुठला गं, डावा की उजवा?"

तेव्हापासून सगळे माझ्याशी फार गोड वागताहेत, म्हणून संशय जास्तच. सासूबाई चष्मा लावून मालविकेकडून फोनवर काहीतरी शिकतात. मी गेले की दोघी गप्प. माझी बाकीची पत्रंही वाचली असतील का, या विचाराने एक ओळ लिहून झालेली नाही. तरी येते, हे पक्कं.

तुझी,
इरू

ता. क. आज कॅलेंडरात नवी नोंद दिसली. "लीला इरावतीबरोबर नागपूरला. निमित्त गुडघ्याचं, माझा उजवा. घरी सांगू नये." सासूबाईंनी स्वतः लिहिलेली. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्या कधी कुठे नुसत्या राहायला गेल्याचं मला आठवत नाही. स्टेशनवर रांगेत उभं राहून दोन तिकिटं काढली. तेव्हा दोन गाद्या घाल. (एकांताचं बघेन मी. त्या दुपारी झोपतात.)

आणखी एक. उत्तर पोस्टानेच पाठव. पेटीला कळलं, तर नीलकंठचाही गुडघा दुखायला लागेल.